सांध्यात दिलेली सुई: आत काय जातं, कुठे जातं आणि किती टिकतं

"गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय, घेऊ का?" हा प्रश्न घराघरांत विचारला जातो, आणि तो नेहमी अर्धाच असतो. सिरिंजमध्ये कोणतं औषध भरलंय, सुईचं टोक नेमकं कशात शिरणार आहे आणि दुखणं कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. एकच औषध आखडलेल्या खांद्याला सुरुवातीच्या महिन्यांत मोठा उतार देतं. तेच कोपराच्या टेनिस एल्बोत दिलं, तर वर्षभराने तो रुग्ण सुई न घेतलेल्यांच्या मागे पडलेला दिसतो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. कंबर किंवा गुडघे दुखतात म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात कुल्ल्यावर जी "दुखण्याची सुई" मिळते, ती ही नव्हे. तिच्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं, कधी जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. दोन्ही रक्तातून अंगभर फिरतात. वारंवार घेतलं तर डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देतं. डेक्सामेथासोन साखर आणि रक्तदाब वाढवतं, हाडं ठिसूळ करतं आणि शरीरात स्वतःचं स्टेरॉइड तयार करणाऱ्या ग्रंथींना सुस्त करतं. मग सुई चुकली की माणूस गळून जातो, अंग मोडून येतं, आणि त्याला वाटतं, सुईशिवाय आपलं चालतच नाही. अशी सुई महिनोन्महिने घेत असाल तर ती एकदम थांबवू नका. औषधाचं नाव लिहून घ्या आणि फिजिशियनला दाखवा.

पुढचं सगळं थेट सांध्यात किंवा त्याच्या लगतच्या जागी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आहे.

स्टेरॉइड: सूज विझवणारं, झीज न भरणारं

व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतात ते स्टेरॉइड वेगळं आणि हे वेगळं. हे कॉर्टिसोनच्या घराण्यातलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, १९५० मध्ये त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. अंगभर दिलेल्या कॉर्टिसोनचे दुष्परिणाम लवकरच कळू लागले, आणि १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी तेच काम करणारं हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देऊन पाहिलं. जिथे आग आहे तिथेच पाणी ओतायचं, हा त्यामागचा विचार आजही तोच आहे.

आज आपल्याकडे मुख्यतः दोन औषधं वापरली जातात: मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट आणि ट्रायमसिनोलोन ॲसिटोनाइड. दोन्हींच्या कुपीत साधारणपणे १ मिलीमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असतं आणि दोन्ही ताकासारखी पांढरी दिसतात. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण तरंगत असतात. ते हळूहळू विरघळतात म्हणून परिणाम काही आठवडे टिकतो. कुपी ठेवून दिली की कण तळाशी बसतात, त्यामुळे भरण्यापूर्वी ती नीट हलवावी लागते. नाही हलवली तर एकाला नुसतं पाणी मिळतं.

गुडघ्याला आणि खांद्याला साधारण ४० मिलिग्रॅम पुरतं. मोठ्या सांध्याला फार तर ८०. मनगट, कोपर यांना १० ते २०. अडकणाऱ्या बोटाच्या कंडरेभोवतीच्या (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आवरणात ५ ते १० मिलिग्रॅम आणि एकूण द्रव १ मिलीच्या आत. गुडघ्यात देताना त्यात १ टक्क्याचं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, काही मिली मिसळतात.

या मिश्रणामुळेच रुग्ण फसतो. लिग्नोकेन पाच मिनिटांत काम करतं. गुडघा एकदम हलका होतो, माणूस जिना उतरून रिक्षात बसतो. दोन तासांनी लिग्नोकेन ओसरतं आणि दुखणं परत येतं, कधी आधीपेक्षा जास्त. स्टेरॉइडचा परिणाम मात्र दोन-तीन दिवसांनी जाणवू लागतो, कधी आठवडाही लागतो. मधल्या दिवसांत "सुई वाया गेली" असं वाटून दुसऱ्या डॉक्टरांकडे धावू नका. उलट त्या पहिल्या पाच मिनिटांचा उतार डॉक्टरांना आवर्जून सांगा. बधिर केलेल्या जागीच दुखणं थांबलं असेल तर दुखण्याचं मूळ तिथेच आहे, हा त्याचा अर्थ. अजिबात फरक पडला नसेल तर दुखणं कंबरेतून किंवा खुब्यातून येत असू शकतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

स्टेरॉइड सांध्याच्या अस्तराची सूज उतरवतं. झिजलेली कूर्चा, ज्याला लोक गादी म्हणतात, ते परत बनवत नाही. म्हणून पाणी भरून टम्म झालेल्या गरम गुडघ्याला, आमवाताच्या सांध्याला, गाऊटच्या, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून येणाऱ्या, झटक्याला (सांध्यात जंतू नाहीत याची खात्री करून) ते चांगलं लागू पडतं. कोरड्या, वाकड्या झालेल्या, हाडाला हाड घासणाऱ्या गुडघ्यात उतार कमी आणि थोडा काळ. सर्वसाधारणपणे चार ते आठ आठवडे, काहींना तीन महिने.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर? हा प्रश्न अमेरिकेतल्या एका चाचणीने नीट तपासला. तिचे निकाल २०१७ मध्ये आले. गुडघ्याची झीज आणि अस्तराला सूज असलेल्या १४० जणांना दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं सुई दिली. निम्म्यांना ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाइन. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झाली, सलाइनवाल्यांची ०.१० मिलिमीटर. एखादी सुई घेतल्याने गुडघा खराब होतो असा याचा अर्थ नाही. वेळापत्रक लावून घेत राहण्यात मात्र काही हाती लागत नाही आणि कूर्चा जाते. एकाच सांध्यात दोन सुयांमध्ये निदान तीन महिने आणि वर्षात तीन-चारच्या वर नाही, ही मर्यादा बहुतेक डॉक्टर पाळतात. तितक्या वेळा गरज पडत असेल तर उपायच बदलायची वेळ आली आहे.

सुई देताना काय काय व्हायला हवं

गुडघ्याचं उदाहरण घेऊ. रुग्ण उताणा, पाय सरळ किंवा गुडघ्याखाली छोटी गुंडाळी, मांडीचा स्नायू ढिला. वाटी थोडी बाजूला सरकवून तिच्या वरच्या-बाहेरच्या कडेखालून सुई आत जाते. काही जण गुडघा काटकोनात वाकवून पुढून देतात. तेही चालतं, पण तिथे चरबीची गादी मध्ये येते आणि औषध तिच्यातच राहण्याची शक्यता वाढते. त्वचा क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीनने पुसून ती वाळू द्यायची. हे वाळणं महत्त्वाचं आहे, जंतू त्या वेळातच मरतात. पुसलं आणि लगेच टोचलं तर पुसण्याचा अर्धा उपयोग गेला. पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही. सुई, सिरिंज नवी, आणि कुपी शक्यतो एका रुग्णापुरती. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशी शिरलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमुळे सातशेच्या वर लोक आजारी पडले आणि साठच्या वर दगावले. कुपी निर्जंतुक असणं किती मोलाचं आहे, हे तेव्हा कळलं.

सुई आत गेल्यावर आधी मागे ओढून पाहायचं. सुजलेल्या गुडघ्यातून २०, ४०, कधी ६० मिली पाणी निघतं आणि नुसतं तेवढ्यानेही ताण उतरतो. त्या पाण्याचा रंग बघायला विसरू नये. गवती-पिवळं आणि इतकं पारदर्शक की नळीमागची छापील अक्षरं वाचता येतील, तर बहुधा झीज. गढूळ असेल तर गाऊट, आमवात किंवा जंतुसंसर्ग. अशा वेळी पाणी पेशी मोजायला, स्फटिक पाहायला आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवायचं, आणि अहवाल येईपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही. "पाणी काढलं की परत भरतं" हे खरं आहे, पण ते काढल्यामुळे भरत नाही. आतली सूज चालू आहे म्हणून भरतं.

औषध सोडताना दट्ट्या सहज पुढे जायला हवा. जोर लावावा लागत असेल तर टोक कंडरेत किंवा चरबीत अडकलंय. तिथे रेटायचं नाही, थोडं मागे घेऊन दिशा बदलायची. कंडरेच्या आत गेलेलं स्टेरॉइड तिचे तंतू कमजोर करतं आणि पुढे ती तुटू शकते.

सोनोग्राफीत बघत सुई दिली तर ती अधिक नेमकी जाते, विशेषतः खुब्यात, खांद्यात आणि लहान सांध्यांत. मग सगळीकडे तशी का देत नाहीत? त्याचं एक कारण खास आपल्याकडचं आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वात आधी, १९८८ मध्ये कायदा केला. पाठोपाठ १९९४ चा केंद्राचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या छोट्या यंत्राचीही. त्या कायद्याची गरज होती आणि आहे. पण परिणाम असा, की बरीच इंजेक्शनं आजही बोटांनी चाचपून दिली जातात. गुडघ्यात अनुभवी हाताला ते बहुतेक वेळा जमतं. खुब्यात मात्र सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या सी-आर्मशिवाय सुई घेऊ नये.

कुठे फायदा, कुठे घात

आखडलेला खांदा हे स्टेरॉइडचं चांगलं ठिकाण. पहिल्या टप्प्यात रात्री झोपू न देणारं दुखणं असतं, तेव्हा सांध्याच्या पिशवीत दिलेली एक सुई दुखणं कमी करते आणि व्यायाम शक्य होतो. वर्षभराने दुखणं सरून नुसता ताठरपणा उरला असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. काही ठिकाणी स्टेरॉइडसोबत २० ते ४० मिली सलाइन भरून आक्रसलेली पिशवी ताणतात. त्याला हायड्रोडायलेटेशन म्हणतात. मधुमेहींचे खांदे जास्त आखडतात आणि स्टेरॉइडने साखर चढते त्यांचीच, हा पेच डॉक्टरांशी बोलून सोडवावा लागतो.

मुठीतून उघडताना खटकन अडकणारं बोट एका सुईत अर्ध्याहून अधिक लोकांचं सुटतं, मधुमेहींत कमी. बाळंतपणानंतर बाळ उचलताना अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं, त्यालाही चांगला गुण येतो. पण तिथे कातडी पातळ असते. औषध वर राहिलं तर त्या जागी पांढरट डाग पडतो आणि खालची चरबी विरून खळगा होतो. सावळ्या त्वचेवर तो उठून दिसतो आणि जायला कित्येक महिने लागतात. हे आधी सांगितलं नाही तर कोड आलं म्हणून घाबरलेली माणसं त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात.

टेनिस एल्बोचं उलटं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १६५ रुग्ण होते. वर्षभराने पूर्ण किंवा बराच आराम पडलेले स्टेरॉइड गटात ८३ टक्के, नकली सुईच्या गटात ९६ टक्के. दुखणं उलटलेले ५४ टक्के विरुद्ध १२ टक्के. पहिल्या महिन्यातला आराम खरा असतो आणि म्हणूनच तो फसवतो: दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा बादल्या उचलतो, पिळे काढतो, आणि न सांधलेली कंडरा पुन्हा ताणली जाते. टाचेमागच्या अकिलीस कंडरेत आणि वाटीखालच्या कंडरेत तर स्टेरॉइड देऊच नये, ती तुटण्याचा धोका असतो. तळपायाच्या टाचेत एखादी सुई चालते. वरचेवर दिली तर टाचेची चरबीची गादी झिजते, आणि ती गादी कुठलंही इंजेक्शन परत आणत नाही.

कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी मणक्यात दिलेली सुई हा वेगळा विषय. ती सी-आर्मखाली, प्रशिक्षित हातानेच घ्यावी. मानेच्या मणक्यात कणांचं स्टेरॉइड रक्तवाहिनीत गेलं तर मेंदूला किंवा मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

"वंगण" आणि पीआरपी

गुडघ्यात वंगण भरणं म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. निरोगी सांध्याच्या द्रवात ते असतंच, झीज झाली की त्याचे लांब रेणू तुटतात. बाजारातलं औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जिवाणूंच्या मदतीने बनवतात, म्हणून अंड्याची-कोंबडीची ॲलर्जी असेल तर सांगा. २ मिलीच्या सुया आठवड्याला एक अशा तीन ते पाच, किंवा ६ मिलीची एकच. इंजिनात ऑइल घातल्यासारखं ते तिथे वर्षभर राहत असेल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात ते काही दिवसांत-आठवड्यांत शरीर शोषून घेतं. २०२२ मध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने झिजेच्या सांध्यांसाठी ते देऊ नये असंच सांगितलं. स्टेरॉइडची कुपी काही शे रुपयांत येते, हे हजारांत जातं. तेच पैसे मांडीच्या स्नायूंच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे घालवले तर गुडघ्याला जास्त मिळतं, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

पण मग "मला तर फरक पडला" असं म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. माणूस सुईपर्यंत पोचतो तो दुखणं शिगेला असताना. शिगेवरून ते बऱ्याचदा आपोआप उतरतं. शिवाय नुसतं सलाइन दिलेल्यांनाही चाचण्यांत चांगला उतार पडतो. म्हणून "किती जणांना बरं वाटलं" यापेक्षा "सलाइनपेक्षा किती जास्त बरं वाटलं" हा आकडा विचारावा.

पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) तुमचंच रक्त, साधारण १५ ते ६० मिली, काढून यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट जास्त असलेला ३ ते ८ मिली पिवळा द्रव सांध्यात देतात. रक्तात प्लेटलेट मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात अशी अपेक्षा. अडचण अशी, की किती वेळ फिरवलं, एकदा की दोनदा, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर प्रत्येक दवाखान्यात वेगळंच द्रावण तयार होतं. तयार द्रवातल्या प्लेटलेट मोजता का, हे विचारा. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या चाचणीत पीआरपीच्या तीन सुयांनी वर्षभरानंतर सलाइनपेक्षा दुखणंही कमी झालं नाही आणि कूर्चाही वाचली नाही. काही लहान अभ्यासांचे निकाल याहून बरे आहेत, म्हणून दार बंद झालेलं नाही. पण "कूर्चा परत येते" असं कुणी सांगत असेल तर तो दावा आज सिद्ध नाही. पीआरपी घेणारच असाल तर आधी आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटचं काम अडवतात. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका.

पोटाची चरबी काढून त्याच दिवशी "स्टेम सेल" म्हणून गुडघ्यात भरणाऱ्या पॅकेजपासून लांब राहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मंजुरी नसलेले असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाहीत, आणि चाचणीत भाग घेण्याचे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

सुईच्या खोलीत शिरण्याआधी हे सांगाच

ताप आहे, सुईच्या जागी पुळी किंवा जखम आहे, कुठलं अँटिबायोटिक चालू आहे, तर सुई पुढे ढकला. एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय: आपल्या देशात याचा पहिला संशय क्षयाचा. अशा सांध्यात स्टेरॉइड दिलं तर क्षय आत पसरतो, म्हणून आधी पाणी किंवा अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा.

मधुमेह असेल तर पहिले दोन-तीन दिवस साखर चढते, क्वचित आठवडाभर राहते. घरच्या ग्लुकोमीटरवर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस कसा बदलायचा ते आधीच विचारून ठेवा. दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी घेतलं तर डोसही दुप्पट होतो. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर ट्रायमसिनोलोनची एक सुईसुद्धा शरीरात साठून चेहरा सुजवू शकते; लाजेखातर हे लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत हे सांगा, त्या बहुधा बंद कराव्या लागत नाहीत. आणि गुडघा बदलायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात सुई नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. दोन दिवस बेताने चाला, जिने आणि मांडी घालणं टाळा, सुईच्या जागेवरचं बँडेज संध्याकाळपर्यंत भिजवू नका. चेहरा लाल-गरम होणं एक-दोन दिवसांत जातं. पहिल्या दिवशी-दोन दिवसांत दुखणं वाढलं तर ती बहुधा औषधाच्या कणांची चिडचिड असते. बर्फ आणि पॅरासिटामॉलने ती ४८ ते ७२ तासांत शमते. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण त्याची चाल उलटी: तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढत जातं, सांधा लाल आणि गरम, थंडी-ताप, पाऊल टेकवत नाही. त्या दिवशी रविवार असो की दिवाळी, थेट रुग्णालय गाठायचं. तिथे आधी सांध्यातलं पाणी तपासायला काढतील. घरी उरलेलं अँटिबायोटिक त्याआधी घेतलं तर तो जंतू कोणता, हे कल्चरमध्ये दिसेनासं होतं.

सुईच्या दिवशीच कागदावर लिहून घ्या: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कोणत्या बाजूचा कोणता सांधा, तारीख. तो कागद एक्स-रेच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असतील, तर तीन महिने झाले की नाही, हे सांगणारा तेवढाच पुरावा हातात असतो.